कॅन्टीनच्या कंत्राटात तेलाचे नाव लिहा

प्रति,
मनुष्यबळ विभाग, कर्मचारी कल्याण समिती आणि उपाहारगृहाच्या कंत्राटावर ज्यांची सही असते ते सर्व अधिकारी

विषय : कर्मचाऱ्यांना दिला जाणारा आहारसल्ला आणि त्यांच्या ताटातले तेल

स. न. वि. वि.

वार्षिक आरोग्य तपासणीचे अहवाल आले, की आम्हा आहारतज्ज्ञांचे फोन वाजू लागतात. लिपिड प्रोफाइलमध्ये (रक्तातल्या कोलेस्टेरॉल वगैरे चरबीच्या चाचणीत) बऱ्याच जणांचे आकडे मर्यादेबाहेर गेलेले असतात, वरून कोणीतरी विचारणा केलेली असते आणि 'हृदयासाठी आहार' असल्या नावाचे तासाभराचे व्याख्यान ठरवून टाकलेले असते. आमंत्रणासोबत एक सूचनाही हमखास येते : "मॅडम, तेलकट खाणे बंद करा, एवढे जरा ठासून सांगा."

ते ठासून सांगायला माझा नकार आहे. का, हे दर कंपनीला वेगळे समजावत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहावे म्हणून हे पत्र.

तेल, लोणी, दाणे, बिया, मासे यांतून येणारे सगळे स्निग्ध पदार्थ एकाच माळेचे मणी, असे समजून त्यांना सरसकट हद्दपार करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९७७ साली सिनेटच्या एका समितीने राष्ट्रीय आहारोद्दिष्टे जाहीर केली. स्निग्ध पदार्थांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ३० टक्क्यांपर्यंत खाली आणा, असे त्यात होते. संपृक्त मेद (लोणी, खोबरेल यांत भरपूर असणारी, गारठ्यात थिजणारी चरबी) वेगळा मोजून कमी करा आणि साखरही कमी करा, असेही त्यात होते. पण लोकांच्या डोक्यात राहिले ते एवढेच, की चरबी वाईट. खाद्यपदार्थांच्या कंपन्यांनी पाकिटांवर 'लो-फॅट'चे शिक्के मारले, आणि चरबी काढल्यावर गेलेली चव साखर आणि मैद्याने भरून काढली. त्या शिक्क्याचा दरारा अजून ओसरलेला नाही. व्याख्यानानंतर भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी अभिमानाने सांगतो, की त्याने चार वाजताचे शेंगदाणे सोडले आणि आता तो 'डाएट' बिस्किटे खातो.

हा सल्ला तपासूनही झाला आहे. अमेरिकेतल्याच विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या प्रकल्पात रजोनिवृत्तीनंतरच्या सुमारे ४९,००० महिलांवर चाचणी झाली. एका गटाला स्निग्ध पदार्थ कमी आणि फळे, भाज्या, धान्ये जास्त खायला शिकवले. एका व्याख्यानात उरकले नाही, पहिल्याच वर्षी १८ गटसत्रे घेतली. सरासरी आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००६ मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकार आणि पक्षाघात या दोन्हींत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. अठरा सत्रांनी जे साधले नाही ते माझ्या एका तासाने साधेल, अशी अपेक्षा कृपया ठेवू नका.

यावरून "म्हणजे चरबी कितीही खा" असे म्हणणारा वर्गही प्रत्येक कार्यालयात तयार झालेला आहे. कॉफीत लोणी घालून पिणारे दोघेतिघे तरी भेटतातच. त्यांच्याशी वाद घालण्यात मी फार वेळ घालवत नाही. मुद्दा असा, की काय काढले यापेक्षा त्या जागी काय आले, यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. संपृक्त मेदाच्या जागी बहुअसंपृक्त (गारठ्यातही पातळ राहणाऱ्या मेदाची, सूर्यफुलासारखी) वनस्पती तेले आणली, तेव्हा हृदयरोगाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याच जागी मैदा आणि साखर आली, तर असा लाभ दिसत नाही. शेंगदाणे सोडून बिस्किटे धरणाऱ्याने नेमका हाच उलटा सौदा केलेला असतो. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जायला जेवणात थोडा स्निग्धांश लागतोच. कॅन्टीनच्या 'हेल्दी काउंटर'वर तेलाचा थेंबही नसलेली गाजराची कोशिंबीर ठेवलेली पाहिली, की मला त्या गाजरांचे वाईट वाटते.

आता आकडे, कारण तुम्हाला अहवालात लिहायला आकडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार प्रौढांनी एकूण स्निग्ध पदार्थांतून मिळणारी ऊर्जा ३० टक्के किंवा त्याहून कमी ठेवावी, संपृक्त मेद १० टक्क्यांच्या आत आणि ट्रान्स फॅट (त्याबद्दल पुढे सांगते) १ टक्क्याच्या आत. शिवाय जो स्निग्ध पदार्थ खायचा तो मुख्यतः असंपृक्त असावा. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी एकूण साधारण ६७ ग्रॅम, त्यात संपृक्त २२ ग्रॅम आणि ट्रान्स फॅट फार तर २ ग्रॅम. जेवणाचा मोठा चमचा भरून तेल घेतले, तर त्यात १४ ग्रॅमच्या आसपास मेद असतो.

काउंटरवर ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही कामाचे नाही. भाजीत तेल किती आहे हे त्याला दिसत नाही आणि कोणते आहे हे तर मुळीच कळत नाही. ते फक्त दोघांना माहीत असते, आचाऱ्याला आणि तेलाचे डबे मागवणाऱ्याला. म्हणून माझे म्हणणे असे, की आहारसल्ल्याची पहिली गरज सभागृहात बसलेल्या कर्मचाऱ्याला नाही, खरेदी विभागाला आहे.

उपाहारगृहांची बरीच कंत्राटे माझ्या नजरेखालून गेली आहेत. त्यांत टेबलाच्या सनमायकाचा रंग असतो, वाढप्याच्या टोपीचा उल्लेख असतो, डाळ किती पातळ चालेल हेसुद्धा असते. तेलापुढे मात्र 'चांगल्या प्रतीचे खाद्यतेल' एवढेच. दर सर्वांत कमी त्याला काम, हा नियम असला की या तीन शब्दांचा अर्थ बाजार ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा पाम तेलावर येऊन थांबतो. पाम तेल स्वस्त असते, तळणीत टिकते आणि डब्यात लवकर खराब होत नाही. त्यातला जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. खोबरेल तेलात हे प्रमाण ८० टक्क्यांच्याही वर जाते. शेंगदाणा तेलात ते पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी असते, सूर्यफूल आणि मोहरीच्या तेलात दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा त्याच आचाऱ्याने तीच भाजी तेवढ्याच तेलात केली आणि फक्त डबा बदलला, तरी जेवणाऱ्याचा संपृक्त मेद बराच उतरतो. त्याला काही ठरवावे लागत नाही, आवडीचे काही सोडावे लागत नाही, आणि माझे व्याख्यान ऐकावे लागत नाही.

दुसरी गोष्ट तळणीच्या कढईची. कधी सकाळी नऊच्या आधी तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा. कालचे तेल झाकून ठेवलेले असते, गडद तपकिरी. गाळलेले असेल किंवा नसेलही. त्यातच नवे तेल ओतून पातळी वर आणली जाते आणि पहिला घाणा सोडला जातो. बुडबुडे फुटून विरण्याऐवजी कडेला फेस धरतो, धूर नेहमीपेक्षा लवकर येतो, आणि तेल पळीवरून सुटताना तार धरल्यासारखे ओघळते. आचाऱ्याला हे सगळे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. पण तेल किती दिवस पुरवायचे हा हिशेब त्याच्या हातात नसतो. जुन्या तेलात नवे घातले की जुने सुधारत नाही, नवेच लवकर बिघडते. वापरून वापरून खराब झालेल्या तेलात ध्रुवीय संयुगे (तेल तापून तापून बिघडल्यावर तयार होणारी द्रव्ये) साठत जातात आणि अनेक देशांनी त्यांची मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास बांधून दिली आहे. ती मोजायला हातात धरायचा मीटर मिळतो, साध्या पट्ट्याही मिळतात. सुरक्षा विभाग आग विझवण्याच्या नळकांड्यांची तपासणी करून कार्डावर सही करतो, तशी एक नोंद कढईपाशी टांगायला कोणाची हरकत असणार? टाकून दिलेल्या तेलाचा खर्च मात्र कंत्राटात धरा. नाहीतर ती नोंद रोज 'योग्य' म्हणूनच भरली जाईल.

ट्रान्स फॅटबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे खल करण्यासारखे काही नाही. द्रव तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेत हा मेद तयार होतो. तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले घटवतो. डेन्मार्कने २००३ मध्येच कायद्याने त्याला १०० ग्रॅम मेदात २ ग्रॅमची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जगभरातून तो हटवण्याची हाक दिली. तुमच्या बैठकांत येणारी खारी, क्रीमची बिस्किटे आणि केक यांच्या वेष्टनावर 'अंशतः हायड्रोजनीकृत' असे शब्द असतील, तर तो माल मागवू नका. एवढेच.

बैठकांचा विषय निघालाच आहे तर सांगते. माणसाने घरून कितीही शहाण्यासारखा डबा आणला, तरी अकरा आणि चारच्या बैठकीत त्याच्यासमोर जी बशी येते ती कंपनीच्या खर्चाने येते. कोणी मागितलेली नसते, पण बोलता बोलता रिकामी होते. त्या बशीत मीठ न लावलेले बदाम, अक्रोड, शेंगदाणे किंवा भोपळ्याच्या बिया ठेवल्या तर त्यासुद्धा अशाच रिकाम्या होतील. स्पेनमध्ये प्रेडिमेड नावाची एक मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या लोकांना भूमध्यसागरी आहारासोबत एका गटात भरपूर ऑलिव्ह तेल, तर दुसऱ्या गटात रोज मूठभर सुकामेवा दिला. तिसऱ्या गटाला चरबी कमी करण्याचा सल्ला होता. पहिल्या दोन गटांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून प्रमाण कमी आढळले. २०१३ चा मूळ निबंध गटवाटणीतल्या त्रुटींमुळे मागे घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला गेला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. मला यात लक्षणीय वाटते ते असे, की संशोधकांनी तेल आणि सुकामेवा लोकांच्या हातात दिला, फुकट. 'खा' म्हणून सांगून ते मोकळे झाले नाहीत.

मूठभर म्हणजे ३० ग्रॅम, त्यात साधारण १८० किलोकॅलरी. बिस्किटांच्या ऐवजी घ्यायचे, बिस्किटांच्या जोडीला नाही. दाण्यांची ॲलर्जी असणारे लोक असतात, तेव्हा बशीवर नाव लिहा आणि त्यांच्यासाठी वेगळे काही ठेवा. मासे खाणाऱ्यांना ओमेगा-३ (असंपृक्त मेदाचा एक प्रकार) तयार मिळते. न खाणाऱ्यांसाठी जवस आणि अक्रोड हे चांगले स्रोत आहेत, मात्र त्यांतल्या ओमेगा-३ चे माशांतल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडे करते. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते. भरडून कोशिंबिरीवर घातले तर उपयोगी. आचाऱ्याला हे सांगायला दोन मिनिटे लागतात.

सल्ला निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. तसे असते तर मी दुसरा धंदा पाहिला असता. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने आपल्या कॅफेटेरियातल्या पदार्थांना सिग्नलसारखी लाल, पिवळी आणि हिरवी लेबले लावली होती. त्यावर आणखी एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सुमारे ६०० कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना वर्षभर त्यांच्याच खरेदीवर आधारित व्यक्तिगत संदेश पाठवले. त्या गटाची हिरव्या लेबलाची खरेदी वाढली, लालची घटली. वजनात फरक पडला नाही. हे दोन्ही निकाल मला सारखेच मोलाचे वाटतात. सल्ला माणसाच्या खऱ्या खरेदीला धरून, पुन्हा पुन्हा आणि जिथे निवड होते तिथेच दिला, तर निवड बदलते. त्याहून मोठे वचन देणाऱ्या वेलनेस कंपनीला जरा खोदून प्रश्न विचारा. अमेरिकेतल्या एका किरकोळ विक्री साखळीच्या १६० ठिकाणी, सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर झालेला दुसरा अभ्यास २०१९ चा आहे. त्यांपैकी काही ठिकाणी आहार, व्यायाम वगैरेंचा कार्यक्रम राबवून १८ महिन्यांनी पाहिले, तर आम्ही आता नियमित व्यायाम करतो असे सांगणारे वाढले होते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, उपचारांवरचा खर्च आणि गैरहजेरी मात्र होती तिथेच होती.

याउलट फिनलंडमधल्या नॉर्थ कॅरेलिया प्रांताचे पाहा. कामकरी वयाच्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू तिथे भयंकर होते. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली १९७२ मध्ये तिथे प्रकल्प सुरू झाला. सभा झाल्या, पत्रके वाटली, आणि त्याचबरोबर दुग्धशाळा, सॉसेज बनवणारे आणि सामुदायिक स्वयंपाकघरे यांच्याशी बोलून मालच बदलत नेला. पावावरच्या लोण्याची जागा हळूहळू वनस्पती तेलाच्या पदार्थांनी घेतली. चाळीसेक वर्षांत त्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान घटले आणि उपचार सुधारले, याचाही त्यात वाटा आहे. सगळे श्रेय तेलाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण माल बदला आणि त्याच वेळी सल्लाही द्या, ही रीत घेण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलताना अवघड जाते म्हणून लिहिते. माझ्या व्याख्यानाला कोण येते? वातानुकूलित मजल्यांवरचे, सकाळच्या पाळीचे, कायम नोकरीतले लोक. रात्रपाळीचा माणूस तेव्हा घरी झोपलेला असतो. त्याच्या वाट्याला कॅन्टीन बंद झाल्यावरचे यंत्र येते. नाणे टाका आणि तळलेल्या चकत्या घ्या. सफाई आणि सुरक्षेचे लोक कंत्राटदाराचे म्हणून यादीतच नसतात, आणि त्यांना मिळणारे जेवण सगळ्यांत स्वस्त तेलातले असते. एका ठिकाणी तर व्याख्यान चालू असताना दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाने प्रश्न विचारला आणि आयोजकाने त्याला डोळ्यांनीच गप्प केले. प्रश्न चांगला होता. रात्रभर जागताना भूक लागली तर काय खाऊ, एवढाच. तेल बदलले, यंत्रात दाण्यांची पाकिटे आली, तर त्याचा लाभ यादीत नाव नसलेल्यालाही मिळतो. व्याख्यानाचे तसे नाही.

वैयक्तिक सल्ला द्यायचाच असेल, तर तो एकांतात द्या. कोणाचे कोलेस्टेरॉल किती, हे त्याच्या वरिष्ठाला कळण्याचे काहीही कारण नाही. विभागवार वजन घटवण्याच्या स्पर्धा बंद करा, त्यांत लोक आठवडाभर उपाशी राहतात आणि बक्षीस घेऊन परत पहिल्या पदावर येतात. ज्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) फार वाढलेले आहेत, ज्यांना स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयाचा त्रास आहे, त्यांना सर्वसाधारण सल्ला लागू पडत नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. आणि व्याख्यानाच्या पडद्यावर ॲव्होकाडो आणि सॅमन माशाचे फोटो लावायचा आग्रह सोडा. जे पदार्थ ऐकणाऱ्याच्या महिन्याच्या वाणसामानात येत नाहीत, ते दाखवून आपण त्याला फक्त हे सांगतो, की हे प्रकरण त्याच्यासाठी नाही.

पुढच्या वर्षी मला किंवा माझ्या कोणा सहकाऱ्याला बोलवाल, तेव्हा एक विनंती आहे. सभागृहातला तास अर्ध्यावर आणा. उरलेला अर्धा तास स्वयंपाकघरात द्या, आणि त्या वेळी मुख्य आचारी, कंत्राटदार आणि निविदेचा मसुदा करणारे अधिकारी तिघेही तिथे हजर असू द्या. येताना चालू कंत्राट, गेल्या तीन महिन्यांची तेलखरेदीची बिले आणि बैठकांच्या खाऊची यादी काढून ठेवा. तेलाचे नाव, तळणीचे तेल टाकायचा निकष आणि रात्रपाळीच्या यंत्रातला माल, या तीन कलमांचा मजकूर तिथेच उभ्या उभ्या लिहून होईल. त्या अर्ध्या तासाचे मानधन मी वेगळे मागणार नाही.

कळावे,
आपली,
एक आहारतज्ज्ञ